नेपल्सची म्युझियम्स आणि जुन्या वास्तू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीतलं कोणी इटलीला निघालं की मला फोन येतो, "तू नेपल्सला जाऊन आलीयेस ना, जरा सांग की," आणि मग तेच दहा-पंधरा प्रश्न. मी चार वेळा जाऊन आलेय, एकदा आई आणि सासरे दोघांना घेऊन, म्हणजे सगळे अनुभव गाठीशी आहेत. एकदाच लिहून ठेवते, पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळी.

रोमहून सकाळी निघून पॉम्पेई बघून रात्री परत, असं नाही का जमत?

जमतं. (पॉम्पेई म्हणजे नेपल्सजवळचं, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं जुनं रोमन शहर.) फास्ट ट्रेनने रोम ते नेपल्स सव्वा तासात येतं, लोक रोज करतात. पण मग नेपल्स म्हणजे तुमच्यासाठी फक्त गाडी बदलायचं स्टेशन राहतं, आणि माझा सगळ्यात मोठा आक्षेप यालाच आहे. कारण पॉम्पेईतलं खरं सामान पॉम्पेईत नाहीये! भिंती, रस्ते, चौथरे तिकडे आहेत, पण चांगली चित्रं, मोझेक (म्हणजे रंगीत बारीक तुकडे जोडून केलेली चित्रं), ब्राँझचे पुतळे, भांडीकुंडी, अगदी जळून कोळसा झालेला पाव, हे बरंचसं नेपल्सच्या पुरातत्त्व म्युझियममध्ये आणून ठेवलंय. नुसतं पॉम्पेई बघून येणं म्हणजे वाड्याचा चौक बघून परतण्यासारखं, माजघरात पाऊलच नाही. तीन रात्री द्या. दोन तर द्याच.

आधी म्युझियम की आधी पॉम्पेई?

यावर घरोघरी भांडणं होतात. माझं मत, आधी पॉम्पेई. रिकाम्या खोल्या फिरून "इथे काय असेल?" असं डोक्यात घोळत असताना दुसऱ्या दिवशी म्युझियममध्ये गेलं की एकेक वस्तू बरोबर जागेवर जाऊन बसते. पॉम्पेईत फॉनचं घर म्हणून मोठा वाडा आहे, तिथे अंगणात छोटा नाचरा फॉन (रोमन वनदेव) आहे आणि मागे जमिनीवर अलेक्झांडरचं मोझेक, दोन्ही नकला. अस्सल दोन्ही नेपल्समध्ये. आधी म्युझियम बघितलंत तर पॉम्पेईत "अरे हे तर डुप्लिकेट" असं वाटून मूड जातो.

म्युझियममध्ये नेमकं काय बघायचं? आमच्याकडे तीनच तास आहेत.

तीन तास पुरतात, ऑडिओ गाईडच्या मागे लागून प्रत्येक डोकं ऐकत बसला नाहीत तर. ही इमारत मुळात घोडदळाची बराक, मग विद्यापीठ, आणि त्यानंतर म्युझियम, त्यामुळे दालनं लांबच लांब आहेत.

तळमजल्यावर फार्नेझे नावाच्या घराण्याचं कलेक्शन. रोममधल्या काराकाल्ला बादशहाच्या स्नानगृहांच्या अवशेषांत सोळाव्या शतकात सापडलेले अवाढव्य पुतळे आहेत. हर्क्युलीस, ग्रीक पुराणातला महाबली, गदेवर रेलून उभा आहे, दमलेला. सगळे समोरून फोटो काढून निघून जातात. तुम्ही मागे जा, त्याने पाठीमागे धरलेल्या उजव्या हातात सफरचंदं आहेत, तीच आणायला त्याला पाठवलं होतं, म्हणजे काम फत्ते करून आलाय आणि म्हणून एवढा थकलाय, ते समोरून कळतच नाही. शेजारच्या भागात फार्नेझे बैल, प्राचीन काळातलं आज टिकून असलेलं सगळ्यात मोठं एकसंध शिल्प म्हणतात ते, त्याच्याभोवती एक पूर्ण चक्कर मारा, खालच्या बाजूला कुत्रा वगैरे बारीकसारीक प्राणी आहेत ते मुलांना शोधायला लावा, दहा मिनिटं शांतता मिळते.

वर मोझेक. अलेक्झांडर विरुद्ध इराणचा राजा दारियस, १८३१ मध्ये सापडलेलं, साधारण पाच मीटर बाय पावणेतीन मीटर, दहा लाखांहून जास्त बारीक तुकड्यांचं. (त्याचं दुरुस्तीकाम सुरू केलं होतं, जाण्याआधी साईटवर स्थिती बघून घ्या.) यात दारियसचे घाबरलेले डोळे सगळ्यांनाच दिसतात, पण खाली रथाजवळ एक पडलेला इराणी सैनिक आहे, तो चकचकीत ढालीत स्वतःचाच चेहरा बघतोय. मरताना. दगडाच्या चुऱ्यातून! मी पहिल्या वेळी हे बघितलंच नव्हतं, दुसऱ्या वेळी शाळेच्या सहलीतल्या एका बाईंनी मुलांना बोट करून दाखवलं तेव्हा मीही त्यांच्या खांद्यावरून डोकावले.

त्यानंतर पॉम्पेईची भित्तिचित्रं, हर्क्युलेनियम या पॉम्पेईसारख्याच गाडल्या गेलेल्या गावातल्या पपायरी व्हिला नावाच्या वाड्यातले ब्राँझ धावपटू, आणि गुप्त दालन. तेवढं बास.

गुप्त दालन म्हणजे ते "तसलं"? मुलांना घेऊन जावं का?

हो, तसलंच. पॉम्पेईत सापडलेली कामुक चित्रं, शिल्पं, दिवे, घंटा. १८१९ मध्ये तिथले युवराज साहेब बायको-मुलीला घेऊन म्युझियम बघायला आले आणि हे बघून एवढे ओशाळले की सगळं एका खोलीत बंद करायचा हुकूम सोडला. त्यानंतर कधी उघड, कधी बंद, एका काळात तर दरवाजाच विटांनी बुजवून टाकला होता. सगळ्यांसाठी कायमचं उघडलं ते थेट २००० साली. चौदाच्या आतली मुलं मोठ्यांसोबतच जाऊ शकतात. सासऱ्यांसोबत जाणार असाल तर तुम्ही पुढे चाला, त्यांना मागून येऊ द्या, दोघांनाही बरं.

पण दालन टाळू नका, कारण आपली लक्ष्मी तिथेच ठेवलेली असते.

पॉम्पेईची लक्ष्मी खरंच आपल्याकडची आहे का? व्हॉट्सॲपवर आलं होतं.

व्हॉट्सॲपवर आलेलं असूनही यात तथ्य आहे. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या मोठ्या रस्त्यालगतच्या एका घरात हस्तिदंताची वीतभर मूर्ती सापडली, साधारण २५ सेंटिमीटर. आता त्या घरालाच "भारतीय मूर्तीचं घर" म्हणतात. अंगावर दागिनेच दागिने, वेणीत माळा, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी शृंगाराची भांडी घेऊन. व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक इसवी सन ७९ चा, म्हणजे मूर्ती त्याआधीची हे पक्कं, आणि म्हणूनच ती इतकी मोलाची.

लक्ष्मी हे नाव शोधणाऱ्यांनी दिलं, बरेच अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. डोक्यावर खाच आहे, म्हणजे ती पूजेतली मूर्ती नसावी, आरशाची मूठ किंवा एखाद्या छोट्या फर्निचरचा पाय असावा. तळाशी खरोष्ठी या तिकडच्या जुन्या लिपीतलं अक्षर कोरलंय, त्यामुळे काही जण वायव्य भारताकडे बोट दाखवतात. पण अगदी तिच्याच घाटाची हस्तिदंती मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळालीये आणि जालन्याकडच्या भोकरदनच्या उत्खननात तशाच एकीचा तुटका खालचा भाग मिळालाय. म्हणून ती सातवाहनांच्या मुलखातली असावी असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. शंभर टक्के निकाल लागलेला नाही, तेव्हा गाईडशी भांडत बसू नका. मी बसले होते.

गंमत बघा, त्याच काळात थोरला प्लिनी हा रोमन लेखक लिहून गेलाय की भारत दरवर्षी आपल्या साम्राज्याचे किमान ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, चैनीच्या मालापायी. आणि तोच प्लिनी याच उद्रेकात मेला, आरमार घेऊन लोकांना वाचवायला गेला होता. त्याची तक्रार ज्या मालाबद्दल होती त्यातला एक नग तिथून जवळच राखेखाली गाडला गेला.

मूर्ती कधीकधी प्रदर्शनांसाठी बाहेर जाते, तिकीट खिडकीवर विचारून घ्या. काचेच्या पेटीत आहे, लहान आहे, पटकन चुकते.

कुठलं कधी बंद असतं?

हे पाठ करा. पुरातत्त्व म्युझियम मंगळवारी बंद. सान्सेव्हेरो चॅपलही (त्याबद्दल पुढे) मंगळवारी बंद. कापोदिमोन्ते आणि सान मार्तिनो ही दोन म्युझियम्स बुधवारी बंद. आपण इथून सोमवार धरून प्लॅन करतो, तिथे तो चालत नाही. आई आणि सासऱ्यांना भर उन्हात पायऱ्या चढवून मी म्युझियमच्या बंद दारासमोर नेऊन उभं केलं होतं, मंगळवारी, आणि त्या दिवशी संध्याकाळी आमची रोमची ट्रेन. चूक पूर्ण माझी. सासरे काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

तिकिटं आधी काढायची का? फुकटचा दिवस असतो म्हणे?

महिन्याचा पहिला रविवार सरकारी म्युझियम्सना फुकट, त्यात पॉम्पेईसुद्धा येतं. पण गर्दी इतकी की वाचलेले पैसे घामातून जातात. पैसे वाचवायचेच असतील तर पुरातत्त्व म्युझियम त्या दिवशी करा, पॉम्पेई नको. सान्सेव्हेरो खाजगी आहे, तिथे फुकट वगैरे काही नाही.

अठराच्या आतली मुलं सरकारी ठिकाणी फुकट, कुठल्याही देशाची असोत, पासपोर्ट दाखवायला लागतो. अठरा ते पंचवीसची सवलत युरोपियन युनियनवाल्यांना, आपल्या पोरांना नाही, उगीच लायनीत वाद घालू नका.

म्युझियम आणि पॉम्पेई प्रत्येकी साधारण २० युरोच्या आगेमागे धरा. पॉम्पेईत आता दिवसाला २० हजारच माणसं आत सोडतात आणि तिकिटावर नाव असतं, म्हणजे मित्राचं तिकीट तुम्हाला चालत नाही. तीन दिवस राहणार असाल तर काम्पानिया आर्टेकार्ड बघा, त्यात पहिली काही ठिकाणं फुकट, पुढच्यांवर सवलत आणि लोकल प्रवासही येतो. त्याचे दोन प्रकार आहेत, फक्त नेपल्सचा आणि पूर्ण काम्पानियाचा. पॉम्पेईला जाणार असाल तर दुसरा घ्या.

पॉम्पेईला जायचं कसं आणि किती वेळ लागतो?

मुख्य स्टेशनच्या खाली गारिबाल्दी म्हणून स्टेशन आहे, तिथून चिर्कुमवेझुव्हियाना नावाची लोकल. सोर्रेन्तोकडे जाणारी पकडायची आणि "पॉम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी" ला उतरायचं. नुसतं पॉम्पेई नावाचं वेगळं स्टेशनही आहे, तिथे उतरलात तर थोडी पायपीट. पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. गाडी जुनी, भिंतीभर ग्राफिटी, उन्हाळ्यात आत भट्टी. मुंबईकरांना माहेरी आल्यासारखं वाटेल, पुणेकरांनी जरा मनाची तयारी ठेवावी.

कमीत कमी चार तास. एकूण ६६ हेक्टरचं शहर आहे आणि त्याचा तिसरा हिस्सा अजून खणलेलाच नाही. मोठी बॅग आत नेता येत नाही, स्टेशनजवळ किंवा गेटवर ठेवायला लागते. सावली जवळपास नाही. पाणी मात्र आहे, नळ आहेत, बाटली भरत राहा.

आत गेल्यावर रस्त्यात मधेच उंच चौकोनी दगड दिसतील, ते रस्ता ओलांडायला, कारण रस्त्यावरून सांडपाणी वाहायचं. दोन दगडांच्या फटीतून गाडीची चाकं जायची आणि तिथे दगडात खोल चाकोऱ्या पडल्यात. मी बोट घालून बघितलं, माझी दोन पेरं आत गेली. देवळं, थिएटर सगळं बघून झालं पण माझ्या लक्षात राहिलं ते हेच.

प्लास्टरची माणसं बघायची असतात सगळ्यांना. ती मुळात पोकळी आहे. शरीरं कुजून गेली, भोवतीची राख घट्ट झाली, आणि १८६३ मध्ये फिओरेल्ली नावाच्या संचालकाने त्या पोकळीत प्लास्टर ओतायची युक्ती काढली. आत हाडं आहेत, म्हणजे ती "पुतळे" नाहीत, सेल्फी काढताना तेवढं भान ठेवा.

उद्रेक ऑगस्टमध्ये झाला की ऑक्टोबरमध्ये?

पुस्तकात २४ ऑगस्ट. पण २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ऑक्टोबरमधली तारीख सापडली आणि कोळसा काही वर्षानुवर्षं टिकत नाही, म्हणून आता बरेच जण ऑक्टोबर म्हणतात. दोन्ही उत्तरं देणारे गाईड भेटतील.

पॉम्पेई की हर्क्युलेनियम, एकच जमणार आहे.

गुडघे दुखत असतील, लहान मूल असेल, किंवा ऊन सोसत नसेल तर हर्क्युलेनियम. त्याच लोकलने वीसेक मिनिटांवर, एर्कोलानो स्कावी स्टेशन. छोटं आहे, दोन-अडीच तासात होतं, आणि इथे लाकूडसुद्धा शिल्लक आहे, जळून काळं झालेलं दार, पलंग, माळ्याचे वासे. वरचे मजले उभे आहेत. खाली जुन्या किनाऱ्यावरच्या होड्यांच्या कोठारांत सुमारे तीनशे माणसांचे सांगाडे मिळाले, समुद्रातून सुटका होईल म्हणून धावत आलेले. तिथे कोणी मोठ्याने बोलत नाही.

सान्सेव्हेरो चॅपलचं एवढं काय आहे? तिकीट मिळतच नाहीये.

मिळत नाही कारण जागा एका दिवाणखान्याएवढी. ऑनलाईन तारखा उघडतात तेव्हाच काढा, आदल्या दिवशी नाही मिळणार. आत १७५३ मधला बुरख्यातला ख्रिस्त आहे, जुझेप्पे सान्मार्तिनोचा. संगमरवरी देहावर संगमरवरीच झिरझिरीत कापड, आणि त्या कापडाआडून कपाळावरची फुगलेली शीर दिसते. तिथला राजपुत्र रायमोन्दो किमयागार होता, त्याने खरं कापड टाकून त्याचा दगड केला अशी अफवा दोन-अडीचशे वर्षं चालूये. नाही हो, सगळं एकाच दगडात, छिन्नीने.

फोटो बंदी आहे, आणि ती खरोखर पाळायला लावतात. त्यामुळे लोक चक्क बघतात!

जमिनीखालचं नेपल्स करावं का? मला बंद जागेची भीती वाटते.

ग्रीकांनी घरं बांधायला पिवळा मऊ दगड शहराच्या खालूनच काढला, त्या खाणींत पुढे पाण्याची टाकी झाली, एकोणिसाव्या शतकातल्या कॉलऱ्यानंतर ती बंद केली, आणि दुसऱ्या महायुद्धात तिथेच लोक बॉम्बपासून लपले. सुमारे ४० मीटर खाली, शंभरावर पायऱ्या, गाईडसोबतच जाता येतं. एका ठिकाणी अर्धा मीटर रुंदीची बोळ आहे, आडवं होऊन सरकायचं, पण ती ऐच्छिक आहे, तुम्ही बाहेर थांबू शकता. मी एकदा थांबले, एकदा गेले. खाली गारवा असतो, ओढणी-जॅकेट न्या.

गाईड तुम्हाला मुनाच्येल्लोची गोष्ट सांगेल, घरात शिरून खोड्या काढणारा बुटका साधू. मूळ म्हणे टाक्या साफ करणारी माणसं, विहिरीच्या भोकातून थेट लोकांच्या घरात निघायची, कधी काही उचलायची, कधी घरच्या बाईला भेटून जायची. नवऱ्याला काय सांगणार, भूत आलं होतं.

चर्चमध्ये कपड्यांचं काय? आणि ते रक्ताचं खरं का?

खांदे आणि गुडघे झाका. पंजाबी ड्रेस असेल तर प्रश्नच नाही. कॅथेड्रलमध्ये सान जेन्नारो या शहराच्या रक्षक संताचं सुकलेलं रक्त दोन कुप्यांत आहे, ते वर्षातून तीनदा पातळ होतं की नाही हे बघायला शहर लोटतं: १९ सप्टेंबर, १६ डिसेंबर आणि मेच्या पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारी. पातळ झालं की पांढरा रुमाल हलवतात. नाही झालं तर शहरावर काहीतरी येणार असं मानतात. तुमची श्रद्धा असो नसो, पुढच्या बाकांवरच्या आज्ज्या उशीर झाला की संताला चक्क झापतात, ते ऐकण्यासारखं आहे. आपल्याकडे विठोबाला शिव्या देणारी जनाबाई ज्यांनी वाचलीये त्यांना ते अजिबात परकं वाटणार नाही.

सांता कियारा मठाचं रंगीत फरशांचं अंगण पण करा. शेजारचं चर्च १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं होतं, नंतर परत उभं केलं.

किल्ले?

आपण सह्याद्रीतले, किल्ल्यांच्या बाबतीत जरा नाक वर असतं. कास्तेल नुओवो बाहेरून बघा, दोन काळपट बुरुजांच्या मधोमध अडकवलेली पांढरी संगमरवरी कमान, आणि आत तो ब्राँझचा दरवाजा ज्यात तोफेचा गोळा अजून रुतून बसलाय. सांत एल्मोवर दृश्यासाठी, फ्युनिक्युलरने (दोराने चढणाऱ्या डोंगरगाडीने) वर. बाकी सोडा.

चोऱ्या होतात का?

पाकीटमारी होते, लोकलमध्ये आणि स्टेशनजवळ. दादर ब्रिजवर जशी पर्स धरता तशी धरा, झालं.

आम्ही शाकाहारी आहोत.

पिझ्झ्याचं गाव आहे, उपाशी राहणार नाही. मारिनारात चीजच नसतं, टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. फसतात ती बाकीची खाणी. रागू म्हणजे मटणाचा रस्सा समजा. ताराल्ली नावाची खारी कडबोळी बघून हात जातो, पण त्यात बहुतेक वेळा डुकराची चरबी असते. आणि स्फोल्यातेल्ला, तो पापुद्र्यांचा गोड शिंपला, त्याच्या पिठातही परंपरेने चरबीच. आईने दोन खाल्ले, "चिरोट्यासारखं लागतंय गं" म्हणत. मला संध्याकाळी कळलं. तिला अजून सांगितलेलं नाही, आता वाचेल.

आई-बाबांना झेपेल का?

दिवसाला एकच मोठं ठिकाण ठेवलं तर हो. रस्ते काळ्या गुळगुळीत दगडांचे, पावसात घसरतात, चांगल्या ग्रिपचे बूट घ्याच. दुपारी एक ते चार खोलीवर झोपायचं. जुलै-ऑगस्ट टाळा. एप्रिल, मे किंवा ऑक्टोबर उत्तम. डिसेंबरमध्ये सान ग्रेगोरियो आर्मेनो गल्लीत ख्रिस्तजन्माच्या देखाव्यांची दुकानं फुललेली असतात, किल्ला करणाऱ्या मुलांना तिथून ओढून काढावं लागेल, पण तेव्हा पॉम्पेई पाचला बंद होतं.

आम्हाला नेपल्सला जाणं काही जमणार नाही. इथे काही बघता येईल?

हा प्रश्न एका काकूंनी विचारला होता आणि मला फार आवडला. तेरला जा, गोरोबाकाकांचं तेर. रोमन काळातल्या प्रवासवर्णनात ज्याला तगर म्हटलंय आणि जिथून माल पैठणच्या बाजूने गाड्या भरून भडोचच्या बंदराकडे जायचा, ते हेच गाव. तिथलं लामतुरे म्युझियम आधी फोन करून उघडं आहे ना बघा, आणि ती हस्तिदंताची बाहुली बघा. मग कोल्हापूरला टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये ब्राँझचा पोसायडन आहे, ग्रीकांचा समुद्रदेव, पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४५ च्या सुमारास सापडलेला. आपली बाई तिकडे गेली, त्यांचा देव इकडे आला. अंबाबाईचं दर्शन घेऊन रिक्षाने दहा मिनिटं.